जुनी दुनळी घ्यावी का?

प्रश्न (परभणी): रानडुकरं हरभरा उकरतात. पीकसंरक्षणाचा परवाना आहे. ओळखीत जुनी इंग्लिश बाराबोर दुनळी बंदूक मिळतेय. काय बघू?

– नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा, दस्ता धरून हलवा. नळ्या खुळखुळल्या तर बिजागरी झिजलीय, सोडा. नळ्या टांगून टिचकी मारा. नाद घुमायला हवा. बद्द वाजलं तर मधली पट्टी सुटलेली.

– चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) मोजाच भाऊ. जुन्यांत बहुधा अडीच इंची. पावणेतीनचं काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा उरत नाही नि दाब वाढतो. नळीच्या धातूतच वळणदार नक्षी (दमास्कस नळी) असली तर ती बंदूक उडवू नका, भिंतीवरच शोभते.

– आधी कागद! विकणाऱ्यानं जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस जायला हवेत. अन् परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी.