वकिलाचे मेल समोरच्या पार्टीच्या हाती जाऊ नयेत म्हणून काय करायचं?

शिरोली_फौंड्री: कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आत हवेच्या पोकळ्या) निघाले म्हणून गिऱ्हाईकानं अमेरिकेतल्या फेडरल कोर्टात केस टाकलीय. आता तीन वर्षांचे मेल, व्हॉट्सॲप, ड्रॉइंग सगळं मागितलंय. त्यातच आमच्या वकीलसाहेबांशी झालेली बोलणी मिसळलीत. कॉम्प्युटरवाला म्हणतोय, “साहेबांचं नाव सर्च करून उडवून टाकू.” चालतंय का असं?

कागदकीडा: उडवू नका हो! केस लागल्यावर काही डिलीट केलं तर पुरावा नष्ट केला म्हणून तुम्हीच अडकाल. व्हॉट्सॲपचे आपोआप पुसले जाणारे मेसेज आजच बंद करा.

एकही फाइल देण्याआधी तिथल्या वकिलाला अमेरिकेच्या फेडरल पुरावा नियम ५०२(डी)ची कोर्ट ऑर्डर घ्यायला सांगा. मग प्रिव्हिलेज्ड मेल (वकिलाशी झालेलं गुप्त बोलणं, जे समोरच्याला न देण्याचा हक्क असतो) चुकून गेला तरी त्यावरचा हक्क जात नाही, दुसऱ्या कोर्टातसुद्धा. ऑर्डर नसेल तर ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हे पटवत बसा.

नुसत्या नावाच्या सर्चनं भागत नाही. वकील सीसीत आहे म्हणून मेल प्रिव्हिलेज्ड होत नाही, कायद्याचा सल्ला मागितलेला किंवा दिलेला असावा लागतो. उलट क्वालिटी मॅनेजर मालकाला लिहितो, ‘साहेब म्हणाले रिजेक्शनचं कबूल करू नका’. हे साहेब म्हणजे वकील, पण त्यात नाव नाही, सर्चमध्ये सापडणार नाही, आणि नेमका तोच महत्त्वाचा. रोखलेल्या कागदांची यादीही द्यावी लागते: तारीख, कुणी, कुणाला, कशाबद्दल. मजकूर मात्र फुटू द्यायचा नाही.

आणि पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढू नका. मी एकदा तसंच केलं होतं. समोरच्यानं सिलेक्ट करून पेस्ट केलं, खालचं अक्षर न् अक्षर वर!

कोर्टगल्ली: इथल्या केसला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ची कलमं १३२ आणि १३४ बघा, वकिलाशी झालेल्या बोलण्याच्या गुप्ततेची. कंपनीच्या पगारी लॉ ऑफिसरला १३२चं संरक्षण नाही, असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय. बाकी हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून अमेरिकेची केस काय कोल्हापुरात येत नाही 😀

शिरोली_फौंड्री: आत्ता ग्रुप चाळला. आमच्या दाजींनी वकीलसाहेबांचा मेल पॅटर्नवाल्याला (कास्टिंगचा नमुना बनवणाऱ्याला) फॉरवर्ड केलाय, ‘बघ रे जरा’ म्हणून. ह्याच्यावरचा हक्क गेला का?

कागदकीडा: पॅटर्नवाला बाहेरचा माणूस, म्हणजे बहुतेक गेलाच. तरी तो मेल वेगळा काढून ठेवा आणि वकिलाला आजच सांगा. दाजींच्या हातातला फोन मात्र काढून घ्या.