डॉगवॉकचा फॉल्ट व्हिडिओ बघून ठरवावा का नाही?

परभणीकर:
मागच्या रविवारी संभाजीनगरला कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची, म्हणजे अ‍ॅजिलिटीची स्पर्धा होती, तिथं आमच्या कुत्रीला, राणीला, डॉगवॉक उतरताना पाच फॉल्ट म्हणजे दंडाचे गुण दिले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डॉगवॉक म्हणजे सव्वा मीटर उंचीची अरुंद फळी, दोन्हीकडून उतार, आणि उताराचा खालचा 90 सेंटीमीटर भाग पिवळा. उतरताना त्या पिवळ्यावर पाय पडलाच पाहिजे. कुत्र्यानं वरूनच उडी टाकून खांदे दुखावून घेऊ नयेत म्हणून हा नियम, आणि तो मला शंभर टक्के पटतो. पण राणीचा पाय पडला होता! माझ्या पोरीनं बाजूनं मोबाईलवर शूट केलंय, थांबवून बघितलं की मागच्या डाव्या पायाची नखं पिवळ्यावर टेकलेली दिसायलेत. जज तेव्हा वीव्ह पोल्सकडून (कुत्रं नागमोडी पळतं त्या खांबांकडून) पळत येत होते, चारचं ऊन सरळ डोळ्यावर. व्हिडिओ दाखवायला गेलो तर बघायलाच तयार नाहीत, जजचा निर्णय शेवटचा म्हणले. तीन महिने पोरगी रोज सकाळी शेतात फळी मांडून शिकवायली होती हो. क्रिकेटमध्ये 1992 लाच थर्ड अंपायर आला, पहिला रनआऊट आपल्या सचिनलाच दिला डर्बनला, मग इथं काऊन नको?

लातूरचा मामा:
भाऊ, पोरीसाठी वाईट वाटलं, खरंच. पण माझा विरोध आहे. साधा हिशोब करा, कुत्रं सेकंदाला 5 मीटर पळतंय धरा आणि मोबाईल सेकंदाला 30 फ्रेम घेतोय, तर दोन फ्रेमच्या मधी कुत्रं 16-17 सेंटीमीटर पुढं गेलेलं असतं. नख टेकलं का वरून गेलं हे त्या मधल्या जागेतच घडतं. त्यात कॅमेरा जरा तिरपा असला की हवेतला पाय पण फळीवर दिसतो. आणि दुसरं, आपल्या कुत्र्याचा फॉल्ट जजकडून सुटला तर तो व्हिडिओ घेऊन कोणी जातं का? फक्त फायद्याचेच व्हिडिओ टेबलावर येणार. ज्याच्या घरचं शूट करायला कोणी आलं नाही त्यानं काय करायचं?

बीडची ज्योती:
मामा, शेवटचा मुद्दा एकदम बरोबर, म्हणून तर मालकाचा मोबाईल नकोच. आयोजकांनी डॉगवॉक आणि ए-फ्रेमच्या (तंबूसारख्या तिरप्या अडथळ्याच्या) उतरत्या टोकाला फळीच्या बरोबर काटकोनात ट्रायपॉड लावावेत, सगळ्या कुत्र्यांना तेच. आजकाल बऱ्याच फोनमध्ये 240 फ्रेमचं स्लो मोशन आहे, त्यात तुमचे 16 सेंटीमीटर 2 वर येतात की. फक्त रिफ्युजलला (कुत्रं अडथळा नाकारतं त्याला) व्हिडिओ नको, कुत्रं अडलं का नुसतं वळलं हे जजनंच ठरवावं. पिवळ्याला पाय लागला का नाही, एवढंच बघायचं.

नांदेडवाला:
ताई, कागदावर चांगलं वाटतं. आपल्याकडं स्पर्धेला माणसं किती असतात? उड्यांचे पडलेले बार लावायला पोरं मिळत नाहीत, व्हिडिओ कोण बघत बसणार, तोवर पुढचं कुत्रं उन्हात लाईनवर जीभ काढून उभं. खरी चूक वेगळीच आहे. कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, जज स्वतः आखतो. मग डॉगवॉक उतरायच्या वेळी आपण तिथं पोचू, ऊन पाठीमागं राहील, असाच कोर्स आखायला पाहिजे ना. ते सोडून कॅमेऱ्याच्या मागं कशाला लागायचं?

परभणीकर:
नांदेडवाले दादा, हे मात्र मला सुचलं नव्हतं, त्या दिवशी कोर्सच तसा होता की जजला अर्धं मैदान पळावं लागत होतं. तरी पण मी ज्योतीताईंच्या बाजूनं. राणीचा निकाल बदला असं मी म्हणतच नाही, तो झाला. पण पोरीनं मला विचारलं, बाबा तिनं पाय ठेवला होता ना मग फॉल्ट कसा, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.

लातूरचा मामा:
जजला स्वतःला शंका आली तरच त्यानं बघावं, मालकानं मागायचं नाही, असं असेल तर एक स्पर्धा करून बघायला माझी ना नाही. ट्रायपॉड माझ्याकडं एक आहे, 240 वाला फोन कोणी आणायलंय का?