जुगुप्सा म्हणजे नक्की काय? ('मॉर्बिड क्युरिऑसिटी'ला शब्द हवाय)

तळटीप
एका क्राइम पॉडकास्टची स्क्रिप्ट मराठीत करतेय. त्यात दर दोन पानांआड 'मॉर्बिड क्युरिऑसिटी' येतं, म्हणजे खुनाच्या बातम्या चवीचवीने वाचणं, अपघात दिसला की गाडी स्लो करून काच खाली घेणं, ते. मी सगळीकडे बेधडक 'जुगुप्सा' ठोकून दिलं. एडिटरने परत पाठवलं, जुगुप्सा म्हणजे किळस, तुम्ही नेमकं उलटं लिहिलंय म्हणे. पण शेजारची भांडणं मी खिडकीशी उभी राहून ऐकत असले की माझी आत्या म्हणायची, "फार बाई जुगुप्सा तुला!" तिला किळस नक्कीच म्हणायचं नव्हतं. असा वापर कोणी ऐकलाय? नसेल तर दुसरा शब्द द्या, शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

खडूस_मास्तर
आत्याबाईंची जिज्ञासेशी गल्लत झाली, बऱ्याच जणांची होते. एडिटर बरोबर आहेत. सन् हा 'हवंसं वाटणं' सांगणारा संस्कृत प्रत्यय. ज्ञा + सन् = जिज्ञासा, पा + सन् = पिपासा, तसं गुप् + सन् = जुगुप्सा. गुप् म्हणजे राखणं, लपवणं. स्वतःला राखावंसं वाटणं, अंग चोरावंसं वाटणं, म्हणून किळस. बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, हीच. पाणिनीचं सूत्र आहे, गुप्तिज्किद्भ्यः सन्.

लघुकौमुदी_नापास
मास्तर, सूत्र बरोबर पण अर्थ तुम्ही पदरचा घातलात. या सूत्रातल्या सन्‌ला इच्छेचा अर्थच नाही, इच्छेचा सन् त्याच्या पुढे येतो, धातोः कर्मणः वाल्या सूत्रात. गुप्‌ला इथे निंदा अर्थी सन् लागतो. नाहीतर याच सूत्राने कित् धातूपासून होणारी चिकित्सा म्हणजे कसली इच्छा सांगा.

खडूस_मास्तर
नापास झालात तरी सूत्रं पाठ दिसतायत. इच्छेची व्युत्पत्ती माझी लाडकी आहे, ती मी सोडणार नाही.

परभणीकर
गुप् वरून गुप्तधन आठवलं. आमचं गाव मानवतच्या शेजारी. ७२ च्या दुष्काळापासून पुढं दोनेक वर्षं गुप्तधनापायी नरबळीचे खून झाले तिथं, बायका आन लहान पोरी. माझा जन्म त्यानंतरचा. तरी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा गाव सांगितलं की समोरच्याचे डोळे चमकायचे, "मानवत? ते खुनांचं?" आन खुर्ची जवळ ओढून बसायचे. कापूस कसा आहे, पाऊस किती झाला, कुणी विचारलं नाही. ताई, तुमचा शब्द त्या खुर्ची ओढण्यात आहे. किळस आलेला माणूस मागं सरकतो, हे पुढं सरकतात.

शुद्धमराठी
मुळात 'खून' कशाला लिहिता? फारसी शब्द आहे, अर्थ रक्त. हत्या म्हणा. आणि मूळ प्रश्नासाठी 'विकृत कुतूहल' असा सरळ शब्द आहे.

घाटकोपर_स्लो
फारसीत रक्त असेल, मराठीत खून म्हणजे खूनच. रक्तदान शिबिराला खूनदान म्हणून बघा कोण येतं ते. आणि हत्या म्हटलं की मला आधी गोहत्या, ब्रह्महत्या आठवते, त्यात पापाचा वास आहे, खुनाला पंचनाम्याचा वास आहे. (वध शब्दावर कृपया कोणी जाऊ नका, धागा बंद पडेल.)
'विकृत' मला मान्य नाही. १९६८ मध्ये मुंबईत खून करत फिरणारा रामन राघव पकडला गेला तेव्हा माझी आई दहा वर्षांची, चाळीत. झोपला नाहीस तर रामन राघव येईल हे मीही ऐकलंय, तोवर तो कधीच गजाआड होता. मुलं घाबरायची आणि लगेच म्हणायची, परत सांग ना. सगळी विकृत का?

आमगावची
बीभत्स रस निघालाच आहे तर आमच्या भवभूतीला, संस्कृत नाटककाराला, विसरू नका. (हो आमचाच, पद्मपूर आमच्या आमगावजवळच आहे, वाद घालायचा तर या इकडे.) त्याच्या मालतीमाधव नाटकाच्या पाचव्या अंकात नायक स्मशानात नरमांस विकायला जातो, पिशाच प्रेताची कातडी सोलून खातंय, आणि तिकडे अघोरघंट नावाचा कापालिक नायिका मालतीचा बळी द्यायच्या तयारीत. काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात बीभत्साचं उदाहरण म्हणून तोच पिशाचाचा श्लोक घेतलाय. म्हणजे आठव्या शतकात लोक नटूनथटून हे बघायला बसत होते. तेव्हा जुगुप्सा म्हणजे नुसतं मागे सरकणं असेल तर रस कुठून आला? तळटीपच्या आत्याबाई अगदीच चूक नव्हत्या असं माझं मत.

खडूस_मास्तर
लौकिक जुगुप्सा वेगळी, रंगमंचावरची वेगळी. हे दोन एक करू नका.

नळस्टॉप
रंगमंच कशाला, पुण्याचं बघा. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत दहा खून, करणारी कला महाविद्यालयातली मुलं, म्होरक्या राजेंद्र जक्कल. मी सातवीत होतो. डिसेंबरात भांडारकर रोडवर अभ्यंकरांच्या घरात एका रात्रीत पाच जण मारले त्यानंतर दिवेलागणीलाच रस्ते ओस, आणीबाणीने जे जमलं नाही ते या पोरांनी करून दाखवलं असं वडील म्हणायचे. पण हेच वडील दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढून तो बंगला 'नुसता लांबून' बघून आले. आईने विचारलं कशाला गेला होतात, तर म्हणे बँकेत काम होतं. बँक आमची अप्पा बळवंत चौकात! पुढे आमच्या गल्लीत जक्कल हे विशेषनाम राहिलंच नाही. कोणी पोरगं मांजराला दगड मारताना दिसलं की "जक्कल होणारेस का रे?"

घाटकोपर_स्लो
विशेषनामाचं सामान्यनाम! रामन राघवचंही तेच झालं. ज्यांना मारलं त्यातल्या कुणाच्या नावाचं असं झालंय का?

लघुकौमुदी_नापास
नाही झालं. मगाशी मास्तरांशी वाद घालायच्या आधी सन् प्रत्यय मी ज्या कोशात बघून घेतला तो संस्कृत व्याकरणाचा कोश, इंग्रजीत आहे, १९६१ सालचा, बडोद्याच्या गायकवाड मालेतला. कोशकार काशीनाथ वासुदेव अभ्यंकर. भांडारकर रोडवरचे तेच. कॉलेजात चार वर्षं वापरला, कव्हर निघालंय, आणि ते हेच हे मला कळलं कधी, तर जक्कलबद्दल रात्री दोन वाजता वाचत बसलो होतो तेव्हा.

आमगावची
बाप रे.

शुद्धमराठी
वाईट वाटलं. पण 'हत्याकांड' शब्दाबद्दल विचारायचं राहिलं. कांड रामायणातलं, म्हणजे अध्याय. हत्येला अध्याय कसला? हिंदी वर्तमानपत्रांतून आलेलं दिसतं.

परभणीकर
तुम्हाला फारसीबी नको, हिंदीबी नको. आमच्याकडं तर 'लय मोठं कांड झालं' हे कुणी पळून गेलं तरी म्हणतात.

नळस्टॉप
मूळ प्रश्नाकडे येतो. आजी संध्याकाळचा पेपर हातात घेऊन म्हणायची, "मेलं वाचवतही नाही आणि सोडवतही नाही." माझ्या मते हेच भाषांतर.

तळटीप
सुंदर आहे, पण मला नाम हवंय, क्रियापदं नकोत :( 'सोडवत-नाहीपणा' लिहिलं तर एडिटर मला सोडणार नाही. वाक्य आहे, 'मॉर्बिड क्युरिऑसिटीमुळे घटनास्थळी बघ्यांची गर्दी झाली.'

घाटकोपर_स्लो
मग शब्दच काढा की. 'घटनास्थळी बघ्यांची गर्दी झाली.' बघे म्हटलं की त्यात सगळं आलं.

खडूस_मास्तर
बघे हे कायम अनेकवचनीच. एकवचन सापडत नाही.

लघुकौमुदी_नापास
'बघ्याची भूमिका घेतली' हे काय मग?

खडूस_मास्तर
ते सामान्यरूप. 'तिथे एक बघ्या उभा होता' असं कोणी म्हणतं का?

नळस्टॉप
नाही म्हणत. एकटा असला की त्याचं बँकेत काम असतं.

तळटीप
लोकहो, आज शुक्रवार.