धडक किरकोळ, पोलिस जागेवर नाहीत, मग नोंद कशी ठेवायची? (अनुभव धागा)

पुण्यात नळस्टॉपला सिग्नल सुटतो, पुढचा मध्येच ब्रेक मारतो आणि मागच्याचा बंपर त्याच्या डिकीला टेकतो. कुणाला लागलेलं नसतं. मागे हॉर्न सुरू होतात, दोघे पाच मिनिटं भांडतात आणि काहीही न टिपता निघून जातात. दोन दिवसांनी फोन येतो, "तुम्हीच रिव्हर्स आलात." गॅरेज, विमा, कोर्ट यांच्याशी रोज संबंध येणाऱ्यांनी इथे लिहावं. चूक कुणाची हा वाद नको. काय टिपायचं, कसं टिपायचं आणि कुठे फसतं, तेवढं सांगा. (प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सर्व्हे रोजचा

गाड्या हलवण्याआधी फोटो. फक्त डेंटचा फोटो काढला तर तो कुठला, कधीचा, काहीच कळत नाही. आधी दहा पावलं मागे जा. दोन्ही गाड्या एका चौकटीत घ्या आणि त्यात दुकानाची पाटी किंवा मेट्रोच्या खांबाचा क्रमांक येऊ द्या. तसाच एक फोटो उलट दिशेनं. मग तीन-चार पावलांवरून, शेवटी हातभर अंतरावरून.

पुढची चाकं कुठे वळलेली आहेत याचा फोटो जवळपास कुणीच काढत नाही. सरळ चाललो होतो म्हणणाऱ्याची चाकं डावीकडे वळलेली असतील, तर गाडी लेन बदलत होती का हा प्रश्न तिथेच उभा राहतो. रस्त्याकडेही बघा. धडकेच्या क्षणी मडगार्डखालची वाळलेली माती खाली पडते. तो ढीग आणि काचेचे तुकडे जिथे आहेत, धडक साधारण तिथेच झाली. लेनच्या पट्ट्यासकट त्याचा फोटो घ्या, कारण पुढच्या दोन बसेस गेल्या की ते सगळं पसरतं.

दोन्ही गाड्यांवरच्या खुणांची उंची जुळते का हे आम्ही विम्याचे सर्व्हेअर हमखास पाहतो. टेप नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली डेंटशेजारी उभी ठेवून फोटो काढा. जोरात ब्रेक मारल्यावर गाडीचं नाक खाली दबतं, म्हणून मागच्या गाडीची खूण थोडी खाली उमटते. तेवढ्या फरकानं घाबरू नका.

रात्री नंबरप्लेटवर फ्लॅश मारला की प्लेट पांढरी पडते आणि आकडे दिसत नाहीत. फ्लॅश बंद करून थोड्या तिरक्या कोनातून घ्या. आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

कागदाला कागद

फोटोंसोबत एक कागदही हवा. युरोपात यासाठी तयार फॉर्म असतो. एका गाडीचा रकाना निळा, दुसरीचा पिवळा, मध्ये सतरा चौकटी: उभी होती, वळत होती, लेन बदलत होती, मागे येत होती वगैरे. खाली आकृतीला जागा आणि दोघांच्या सह्या. चूक कुणाची असा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. दोघांनी फक्त घडलेलं लिहायचं.

आपल्याकडे तसा छापील फॉर्म नाही, पण वहीच्या पानावर हेच जमतं. तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, चालक आणि मालक यांची नावं व मोबाइल, लायसन्स नंबर, विमा कंपनी, पॉलिसी नंबर आणि तिची मुदत. मोबाइल नंबर लिहून घेतला की तिथेच एक मिस्ड कॉल द्या. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असतील तर पडद्याचा फोटो पुरतो. गाडीचा नंबर सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपमध्ये टाकला की विमा चालू आहे की संपलाय ते दिसतं.

आकृतीत रस्त्याचं नाव, गाड्यांच्या दिशेचे बाण आणि सिग्नलची जागा एवढं असलं की झालं. जंगली महाराज किंवा फर्ग्युसनसारखा एकेरी रस्ता असेल तर तसं लिहा. दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. कार्बन नसला तर पहिल्या प्रतीचा फोटो समोरच्याच्या फोनमध्येही जाऊ द्या.

काळा कोट

वरच्या कागदावर 'माझी चूक होती, खर्च मी देतो' असं वाक्य कृपा करून घालू नका. मोटार पॉलिसीच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकानं कबुली, आश्वासन किंवा पैसे द्यायचे नाहीत. 'माझी गाडी सरळ जात होती, पुढची थांबली, माझा बंपर तिला लागला' हे घटनेचं वर्णन झालं आणि तेवढंच पुरेसं आहे.

दुसरं, पोलिसांना जागेवर बोलावलं नाही म्हणजे कळवायचंच नाही असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ मध्ये माणूस जखमी होण्याबरोबर दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही येतं. जागेवर पोलिस नसेल तर चालकानं जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं असतं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. किरकोळ डेंटला हे सहसा कुणी करत नाही, पण समोरचा फिरला की हीच नोंद कामाला येते. ठाणं अपघाताच्या जागेवरून ठरतं, नंबरप्लेटवरून नाही. हिंजवडी, वाकडला धडक झाली तर पिंपरी-चिंचवड आयुक्तालय, गाडी एमएच-१२ (पुणे शहराच्या नोंदणीची) असली तरीही.

कुणाला खरचटलं तरी, समोरचा प्यायलेला वाटला, विमा किंवा लायसन्स नसलं, की वहीचं पान बाजूला ठेवा आणि ११२ लावा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस 'काही नाही झालं' म्हणालं तरी आधी डॉक्टर. दुखणं पुष्कळदा दुसऱ्या दिवशी वर येतं.

नो क्लेम

क्लेम करायचा की खिशातून, हे जागेवर ठरवू नका. घरी जाऊन गणित मांडा. समजा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी १०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्के नो क्लेम बोनसवर (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीवर) आहात. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य, मग २०, २५, ३५, ४५ आणि परत ५०. दरवर्षी जादा भरावे लागणारे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० मिळून १२,५०० होतात. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० तुमचे. झिरो डेप (पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारी जोड पॉलिसी) नसेल तर प्लास्टिकच्या बंपरची निम्मी किंमतही तुमचीच. म्हणजे आठ हजारांच्या बंपरसाठी क्लेम करणं तोट्याचं. बोनस सुरक्षित ठेवणारी जोड पॉलिसी घेतली असेल तर गणित बदलतं. पण क्लेम करणार नसलात तरी फोटो आणि कागद हवेतच, कारण समोरचा काय करेल ते तुमच्या हातात नाही.

डेंटर-पेंटर

जागेवर पैसे घेऊन मिटवणाऱ्यांनी आधी वाचा. बंपर दाबला जातो आणि परत बाहेर येतो, वरून फक्त ओरखडा दिसतो. आत क्लिपा, ब्रॅकेट, हेडलाइटचे कान तुटलेले असतात. बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यामधली फट दोन्ही बाजूंना बोट फिरवून बघा. एका बाजूला बोट जास्त आत गेलं तर आतलं काहीतरी सरकलंय. बॉनेट उघडा-लावा, डिकीही. पार्किंग सेन्सर चालतात का बघा.

पुढून धडक असेल तर दोन मिनिटं थांबून गाडीखाली वाकून बघा. हिरवं किंवा गुलाबी पाणी गळत असेल तर इंजिन सुरू करू नका. रेडिएटर फुटल्यावर गाडी घरापर्यंत रेटली आणि इंजिन जाम झालं, तर ते पुढचं नुकसान म्हणून कंपनी नाकारते. टो करा.

दोन चाकं

दुचाकी आडवी पडली असेल तर उचलण्याआधी फोटो, पण पेट्रोल सांडत असेल तर आधी चावी बंद करून उचला. नंतर हँडल सरळ धरून पुढचं चाक रेषेत आहे का बघा. हँडल सरळ आणि चाक तिरकं म्हणजे फोर्क (पुढच्या चाकाचे दोन दांडे) किंवा त्यांना हँडलशी जोडणारी टी हललेली. तसं चालवत जाऊ नका.

बायपासवाला

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडच्या उतारावर वरचं काहीही लागू नाही. तिथे मागून भरलेले ट्रक येतात. गाडी चालत असेल तर इंडिकेटर लावून सर्व्हिस रोडला जा, फोटो तिथे. चालत नसेल तर माणसं आधी कठड्यापलीकडे, मग फोन. डॅशकॅम असेल तर क्लिप लॉक करायचं बटण दाबा, नाहीतर कार्ड भरलं की जुनं चित्रण त्यावरच पुसलं जातं. दुकानाच्या कॅमेऱ्याचंही तेच. त्याच दिवशी जाऊन विचारा, आणि नाही मिळालं तर त्यांच्या पडद्याचा आपल्या फोनवर व्हिडिओ घ्या.

प्रश्न आहे

समोरचा सहीच करत नसेल तर?

कागदाला कागद

भांडू नका. तिथे उभ्या-उभ्या त्याच्या नंबरवर मेसेज टाका: 'आज संध्याकाळी ६.४० ला कर्वे रस्त्यावर नळस्टॉपच्या सिग्नलला तुमच्या अमुक नंबरच्या गाडीचा पुढचा भाग माझ्या अमुक नंबरच्या गाडीच्या डिकीला लागला. कुणी जखमी नाही. फोटो सोबत.' त्यानं नंबरही दिला नाही तर कायद्यानुसार मागितल्यावर नाव-पत्ता देणं त्याला भाग आहे, फक्त तुम्हीही तुमचा द्यायला हवा. तरी नाही म्हणाला तर प्लेटचा फोटो घ्या, जवळच्या पानवाल्याला विचारून त्याचा नंबर साक्षीदार म्हणून लिहा आणि थेट ठाणं गाठा.