मदत हवी आहे: बँडसॉवर गोल चकत्या कापण्याच्या जिगमध्ये मधली खुंटी नेमकी कोठे असावी?

नमस्कार मंडळी,

१८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून ३०० मिलिमीटर व्यासाच्या, एकसारख्या मापाच्या बऱ्याच चकत्या कापायच्या आहेत. हातातल्या जिगसॉने कापून नंतर घासत बसले तर वेळ जातोच, शिवाय प्रत्येक चकती थोडी वेगळी निघते, म्हणून बँडसॉच्या (दोन चाकांवरून फिरणाऱ्या सलग पात्याच्या करवतीच्या) टेबलावर बसणारा जिग, म्हणजे तुकडा ठरावीक मापात धरून कापण्याची मांडणी, तयार केला आहे. तो चालतो, पण मनासारखा चालत नाही. जाणकारांनी खालील वर्णन वाचून दोष कोठे असावा हे सांगितल्यास उपकार होतील.

जिगची रचना साधी आहे. १२ मिलिमीटर प्लायची एक पाटी असून तिच्या खाली टेबलाच्या खाचेत सरकणारी लाकडी पट्टी स्क्रूने बसवली आहे. पाटीच्या वरच्या अंगाला पात्याशी काटकोनात एक खोबण पाडली आहे आणि तीत सागवानाची पट्टी मागेपुढे सरकते, जेणेकरून त्रिज्या हवी तशी बदलता यावी. या पट्टीच्या टोकाला डोके उडवलेला खिळा खुंटी म्हणून ठोकला आहे. प्लायच्या चौकोनी तुकड्याला खालच्या बाजूने अर्धवट खोल भोक पाडून तो या खुंटीवर बसवायचा, मशीन सुरू करायचे, संपूर्ण जिग पुढे ढकलायचा आणि टेबलाच्या कडेला अडणारा ठोकळा लागला की तेथे थांबून तुकडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सावकाश फिरवायचा. खुंटी पात्याच्या उजवीकडे आहे.

अडचण अशी, की काप सुरुवातीला बरोबर चालतो, मात्र थोडे अंतर गेल्यावर पाते हळूहळू बाहेर, म्हणजे खुंटीपासून दूर, सरकू लागते. पूर्ण फेरा झाल्यावर कापाचा शेवट सुरुवातीला मिळत नाही आणि कडेवर जवळजवळ २ मिलिमीटरची पायरी राहते. शेवटच्या भागात पात्याचा आवाजही बदलतो, कण्हल्यासारखा येतो, आणि कडेवर तपकिरी डाग दिसतात. १५० मिलिमीटर व्यासाची लहान चकती कापून पाहिली तेव्हा हाच प्रकार अधिक ठळकपणे झाला.

पाते १२ मिलिमीटर रुंदीचे आहे व नवे आहे. अडणारा ठोकळा मी असा बसवला आहे की जिग थांबल्यावर खुंटी पात्याच्या रुंदीच्या बरोबर मध्याच्या रेषेत यावी. पाते वर्तुळाच्या परिघावर समतोल बसेल असा त्यामागचा विचार होता. मात्र काहीजण खुंटी दात्यांच्या टोकांच्या रेषेत हवी असे सांगतात, तर काहीजण पात्याच्या पाठीच्या रेषेत. यांपैकी बरोबर काय, आणि त्यामागचे कारण काय? केवळ नियम कळून उपयोग नाही, कारण पुढे वेगवेगळ्या त्रिज्यांसाठी हाच जिग वापरायचा आहे.

प्रतिसाद

खुंटी दात्यांच्या टोकांच्या रेषेत हवी. आपण कारण विचारले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लाकूड खुंटीभोवती फिरते, तेव्हा त्याचा प्रत्येक बिंदू खुंटीपासून निघणाऱ्या त्रिज्येशी काटकोनात सरकतो. खुंटी दात्यांच्या अगदी रेषेत असेल तर दात्यांसमोर येणारे लाकूड पात्याच्या प्रतलाला समांतर येते आणि दात्यांना सरळ समोरच कापायचे असते. आपली खुंटी मात्र दात्यांच्या ६ मिलिमीटर मागे आहे, म्हणजे आपल्यापासून अधिक दूर. त्यामुळे १५० मिलिमीटर त्रिज्येवर लाकूड दात्यांपाशी सुमारे २.३ अंशांनी तिरके येते. पात्याचा स्वभाव नाकासमोर जाण्याचा असतो, लाकूड मात्र त्याला आत वळायला सांगते, आणि या ओढाताणीत पाते बाहेर वाकते. ७५ मिलिमीटर त्रिज्येवर तोच कोन साडेचार अंशांच्या वर जातो, म्हणूनच लहान चकतीत दोष ठळक दिसला. खुंटी दात्यांच्या पुढे, आपल्या बाजूला असती तर उलटे होऊन पाते आत ओढले गेले असते.

आता एक गंमत पाहा. खुंटी ६ मिलिमीटर सरकल्याने केवळ भूमितीनुसार त्रिज्या किती वाढते याचा हिशेब केला, तर ती जेमतेम ०.१२ मिलिमीटर भरते. आपल्याकडे २ मिलिमीटरची पायरी आहे. याचा अर्थ ती पायरी मापातल्या चुकीची नसून पाते प्रत्यक्ष वाकल्याची आहे. खात्री करायची असेल तर फेरा पाऊण झाल्यावर मशीन बंद करा, पाते पूर्ण थांबू द्या आणि वरच्या गाईडपासून (पात्याला बाजूंनी आधार देणाऱ्या भागापासून) टेबलापर्यंत पात्यालगत सरळ पट्टी धरा. मध्ये फट दिसली की प्रश्न मिटला. पाते चालू असताना तुकडा मागे ओढू नका, कारण वाकलेले पाते चाकांवरून उतरण्याची शक्यता असते.

आपल्या 'समतोल' विचारात अजिबात तथ्य नाही असेही नाही. खुंटी मध्याच्या रेषेत असेल तर दाते आणि पाठ दोन्ही एकाच वर्तुळावर राहतात, म्हणून पाठ घासत नाही. खुंटी दात्यांच्या रेषेत आणली की पात्याची पाठ वर्तुळाच्या किंचित बाहेर पडते. १२ मिलिमीटर पाते व १५० मिलिमीटर त्रिज्या असता हे अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर येते. दाते दोन्ही बाजूंना फाकवलेले असल्याने चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि बाकीचे पात्याच्या लवचिकपणावर निभते. पण ७५ मिलिमीटर त्रिज्येवर तेच अंतर एक मिलिमीटरच्या आसपास जाते, आणि तेथे १२ मिलिमीटर पाते आपल्या मर्यादेला टेकते. त्या रुंदीच्या पात्यासाठी सर्वसाधारणपणे ६५ मिलिमीटरच्या आतली त्रिज्या घेऊ नये असे मानतात. ६ मिलिमीटरचे पाते १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते. आपल्या कामासाठी मी सरळ ६ मिलिमीटरचे पाते लावीन, मग पाठीचा प्रश्नच राहत नाही.

आणखी एक प्रतिसाद

वरील विवेचनाशी सहमत आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट खुंटीची. खिळ्याची जाडी आणि ड्रिलच्या भोकाचे माप यांत थोडाही फरक असेल तर तुकडा खुंटीवर डुलतो आणि तो डुलणे थेट कडेवर उमटते. खिळ्याऐवजी ड्रिलच्याच मापाची गुळगुळीत पोलादी सळई घ्या, तिचे वरचे टोक कानसीने किंचित गोल करा आणि पट्टीत ती गुण्या लावून उभी बसवा. पट्टीच्या वर ती ५ मिलिमीटर आली तरी १८ मिलिमीटर प्लायला पुरते. खोबणीत सरकणारी पट्टीही कापताना बोल्टने घट्ट आवळलेली असावी.

दुसरी गोष्ट मशीनच्या मांडणीची, जी जिगच्या नादात राहून जाते. वरचा गाईड लाकडाच्या जेमतेम ५ मिलिमीटर वर आणा. टेबल पात्याशी काटकोनात आहे का ते गुण्याने तपासा, नाहीतर चकतीची कड उतरती येईल आणि वरचा व खालचा व्यास जुळणार नाही. ताण कमी असेल तर उत्तम जिगवरही पाते पोट काढतेच. बोटे नेहमी चकतीच्या भागावर, पात्यापासून लांब ठेवावीत आणि सुटणाऱ्या कोपऱ्यांना हात लावू नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी धरून पाहिली असता पाते खरोखरच बाहेरच्या बाजूला पोट काढून उभे होते. ठोकळा ६ मिलिमीटर सरकवून खुंटी दात्यांच्या रेषेत आणली आणि खिळ्याच्या जागी सळई बसवली. ३०० मिलिमीटर चकतीवरची पायरी आता अर्ध्या मिलिमीटरपर्यंत उतरली आहे आणि डागही गेले. ६ मिलिमीटरचे पाते अजून हाती आलेले नाही.

उरलेल्या पायरीबद्दल एक शंका आहे. हे पाते सरळ कापतानाही किंचित डावीकडे जाते, आखलेल्या रेषेवर राहण्यासाठी फळी साधारण अर्धा अंश तिरकी धरावी लागते. हाच ओढा येथे आडवा येत असेल का, आणि तो जिगमध्येच सुधारता येईल का?

प्रतिसाद

होय, तोच आहे, आणि सुधारता येतो. डावीकडे म्हणजे आपल्या मांडणीत बाहेर, तेव्हा त्याला आत ओढण्यासाठी खुंटी दात्यांच्या रेषेच्या थोडी अलीकडे, आपल्या बाजूला आणावी लागेल. किती, याचे गणित सोपे आहे: त्रिज्येला त्या कोनाच्या टॅनने गुणावे. अर्ध्या अंशाला १५० मिलिमीटर त्रिज्येवर सुमारे १.३ मिलिमीटर आणि ७५ मिलिमीटरवर सुमारे ०.६५ मिलिमीटर येते. म्हणजे ही दुरुस्ती प्रत्येक त्रिज्येला वेगळी असते, म्हणून ठोकळा कायमचा स्क्रूने ठोकून न टाकता त्यात एक बोल्ट आडवा बसवा आणि टेबलाची कड त्या बोल्टच्या टोकाला अडू द्या. बोल्ट फिरवून पूर्ण फेरा घेण्याआधी टाकाऊ तुकड्यावर पाव फेऱ्याचा काप घ्या, पाते थांबवा आणि पोट कोणत्या बाजूला आहे ते पाहून बोल्ट अर्धा आटा इकडेतिकडे करा. पाते बदलले की हा ओढाही बदलतो, तेव्हा ६ मिलिमीटरचे पाते आल्यावर प्रथम बोल्ट फिरवून खुंटी दात्यांच्या रेषेवर आणून मगच नव्याने जुळवणी करावी.