मदत हवी आहे: एकाच डेटाबेसवरील मॉड्यूलना वेगवेगळी मर्यादा कशी घालावी?

नमस्कार. आमच्या रुग्णालयाच्या प्रणालीतील नोंदणी, प्रयोगशाळा, औषधालय आणि बिलिंग ही चारही मॉड्यूल पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एकाच खात्याने शिरत असत, आणि त्यामुळेच बिलाच्या खिडकीवरील पडद्यावर एका रुग्णाचा एचआयव्ही अहवाल सर्वांसमोर उघडा पडला. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ही माहिती गोपनीय राखणे बंधनकारक आहे.

आता प्रत्येक मॉड्यूलला स्वतंत्र रोल (डेटाबेसमधील खाते) देऊन रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम) लावली, तरी बिलिंगचा जुना व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी) सगळ्या ओळी दाखवतोच, कारण तो वापरणाऱ्याच्या नव्हे, तर व्ह्यूच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. व्ह्यू वापरणाऱ्याच्या अधिकाराने चालवण्याची, म्हणजे सिक्युरिटी इन्व्होकरची, सोय पोस्टग्रेएसक्यूएलच्या आवृत्ती १५ पासून आहे आणि आम्ही (नाइलाजाने) अजून १३ वरच आहोत. आवृत्ती बदलावी, की व्ह्यू मोडून बिलिंगला फक्त चाचणीचा संकेतांक व दर देणारे फंक्शन लिहावे? तातडीच्या विभागातील डॉक्टरांना मात्र अडवून चालणार नाही.