फुल व्हर्जिनिया फ्लेक: दुमडून भरावी की मळून?

चिमूटभर (धागाकर्ता)

पाइपवाल्यांच्या बैठकीत सॅम्युएल गाविथ या इंग्लिश कंपनीच्या फुल व्हर्जिनिया फ्लेक या पाइपच्या तंबाखूचं नाव निघालं की दोन तट पडलेच म्हणून समजा. एक म्हणतो, अशी व्हर्जिनिया दुसरी नाही. दुसरा म्हणतो, तंबाखूपेक्षा काड्यांचाच खर्च जास्त. मी पहिल्या तटातला. ही दाबून पट्ट्या कापलेली तंबाखू आहे (फ्लेक म्हणजे तेच), तिची गंमत त्या दाबण्यात आहे, आणि पट्टीचा भुगा करणाऱ्याने मुळात फ्लेक विकत घेऊच नये.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: उत्तर इंग्लंडात लेक डिस्ट्रिक्टच्या वेशीवर केंडल नावाचं गाव आहे. तिथलं हे 1792 पासूनचं घराणं, मूळ धंदा तपकिरीचा. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूची पानं थरावर थर लावून उष्णता देत दाबतात, वडी घट्ट झाली की तिच्या पातळ पट्ट्या कापतात. पिवळं पान त्यात काळपट तपकिरी होतं. डबी उघडावी तर पट्ट्या एकमेकींना बिलगलेल्या, बोटाला ओल लागते. वास खजूर-मनुकांचा, आणि त्याखाली कुठेतरी सुकं गवत.

मी पट्टी दुमडतो, पुन्हा दुमडतो, हलकासा पीळ देऊन उभी सरकवतो. वर पेटायला चिमूटभर चुरा. सुरुवातीला विझते, कबूल. पण अर्ध्या बाउलनंतर (बाउल म्हणजे पाइपचं तंबाखू भरायचं तोंड) जी गोडी उतरते ती मळून भुगा केलेल्या तंबाखूत मला कधी मिळाली नाही.

राखाडी

साफ असहमत. पानातल्या साखरेचं जे काय व्हायचं ते केंडलच्या कारखान्यात होऊन गेलं. तुम्ही घरी पट्टी मोडलीत म्हणून ते उलटत नाही. मग मळल्यावर चव जाते कुठे? पट्टी दुमडून कोंबली की हवा अडते, माणूस जोर लावून ओढतो, आणि तळाला ओला चोथा तसाच राहतो. तुम्ही त्याला गोडी म्हणता. मी म्हणतो, निम्मी तंबाखू टाकून दिलीत.

चिमूटभर

@राखाडी, उलटत नाही हे खरं, पण जळण्याचा वेग बदलतो ना! भुगा भराभर पेटतो, बाउल तापतो आणि ती साखर करपते. व्हर्जिनियात साखर भरपूर, म्हणून तर घाईने ओढणाऱ्याची जीभ ती सोलून काढते. दुमडलेली पट्टी माणसाला सावकाश ओढायला लावते.

निपाणीचा_जावई

सासरी तीन पिढ्या तंबाखूत गेल्या, म्हणून तोंड उघडतो. आमच्याकडचं विडीचं पान उन्हात वाळवलेलं, त्याचा ठसका वेगळा. वखारीत शिरलं की आधी शिंका, मग रामराम. (1981 चं शरद जोशींचं तंबाखू-शेतकऱ्यांचं आंदोलन आठवणारी माणसं अजून आहेत तिकडे. तो विषय काढला की जेवण लांबतं.) व्हर्जिनिया भट्टीच्या कोरड्या उष्णतेवर वाळवतात. आपल्या देशात ती आंध्र आणि दक्षिण कर्नाटकात पिकते, निपाणीचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

तर माझं मत: फुल व्हर्जिनिया चांगली आहे पण एकसुरी. गोड, गोड आणि परत गोड. त्यांचीच सेंट जेम्स फ्लेक ओढून बघा. तिच्यात लुइझियानाची पेरीक नावाची तंबाखू आहे, पिंपात दाबून आंबवलेली. मिरीसारखा तिखटपणा आणि सुक्या अंजिराची आंबूस छटा. दुमडा की मळा हा वाद तिथे मिटतो, कारण कशीही भरली तरी चव लागतेच.

डॉ_दातखिळी

मी दातांचा डॉक्टर. खजूर, मनुका, अंजीर वाचून फराळाचा धागा वाटला. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, हा समज सोडा. ओठ, जीभ, घसा यांचे कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतात, आणि फुप्फुसाचाही. दुमडा नाहीतर मळा, निकोटिन तेच आणि डांबरही तेच. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर मंडळींचं मत घेत बसू नका, दाखवायला या.

चिमूटभर

@डॉ_दातखिळी, यावर वाद नाही. नवीन कोणाला सुरू करा म्हणून हा धागा काढलेला नाही.

प्रेस्टनकर

आमच्या प्रेस्टनपासून केंडल जवळ. ऑक्सनहोम स्टेशनला गाडीतून उतरायचं, तिथून पुढे गावात. बाजारात मिंट केकच्या (पुदिन्याच्या गोड वड्यांच्या) पाट्या आधी दिसतात, तंबाखू विचारत जावं लागतं. इकडच्या काही जुन्या दुकानांत फ्लेक बरणीतून वजनावर मिळते.

तुम्ही दोघंही ओलीबद्दल नीट बोलत नाही आहात. मूळ भांडण तिथंच आहे. ओल्या तंबाखूची वाफ होते आणि जीभ भाजते ती त्या वाफेनेही. पट्टी कागदावर पसरून ठेवा. बोटांत दाबून सोडल्यावर हळूच उलगडली तर झाली. चिकटून गोळाच राहिली तर थांबा, कुरकुरली तर उशीर झाला. एवढं केलं की दुमडलेलीही नीट जळते. मळलेली लवकर सुकते, म्हणून राखाडींना वाटतं की मळण्यानेच फरक पडला.

राखाडी

हे पटतं, पण अर्धंच. सुकवून दुमडलेली पट्टीही अरुंद, खोल बाउलमध्ये मधेच गुदमरते. रुंद तोंडाच्या बाउलमध्ये चालत असेल. चिमूटभर, तुमचा पाइप केवढ्या तोंडाचा आहे ते आधी सांगा, मग गोडीच्या गप्पा मारू.

चिमूटभर

रुंद आहे. तरी मळणार नाही.